आधी उगवलं तेच खारं पाणी सोसेल, असं नाही

पत्र: टोमॅटोच्या तीन जातींची रोपं ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये, कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) टाकली. पाणी बोअरचं, जरा मचूळ, ईसी (म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) २.८. पहिली संकरित जात सहाव्या दिवशी वर आली, ९० रोपं मिळाली. दुसरी लहान फळांची, घोसांची. ती नवव्या दिवशी आली, ८१ रोपं. तिसरी आमच्या घरच्या बियाण्याची जुनी जात. तिला तेरा दिवस लागले आणि जेमतेम ४१ उगवली. आज बावीस दिवस झाले. पहिल्या जातीच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात. तिसरीची रोपं लहान आहेत, पण स्वच्छ आहेत. माती परीक्षणात ईसी ०.९ आलाय, शेरा ‘सामान्य’. एकानं जिप्सम टाकायला सांगितलं. तिसरा ट्रे टाकून देऊन सगळीकडे पहिली जात लावावी का? की या पाण्यावर टोमॅटोचा नादच सोडावा?

उत्तर: तिसरा ट्रे टाकू नका. एवढं आधी वाचा, मग बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही दिवस मोजलेत, रोपं मोजलीत, पाण्याचा ईसी लिहून ठेवलात. इतक्या नीट नोंदी असलेलं पत्र क्वचित येतं, म्हणून उत्तरही नेमकं देता येतंय. पण तुमच्या नोंदींत एक जागा रिकामी आहे. ट्रे तीन होते, पाणी मात्र एकच. गोड्या पाण्यावरचा एकही ट्रे नव्हता. त्यामुळे तिसऱ्या जातीची निम्म्याहून जास्त रोपं कशामुळे गेली, खारेपणामुळे की बी जुनं होतं म्हणून, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. घरचं बी एखाद्या दमट हंगामात नीट वाळलं नसेल, तर ते पावसाच्या पाण्यावरही तितकंच उगवलं असतं. जातीची परीक्षा तिची तिच्याशीच घ्यायची असते: गोड्या पाण्यात ती काय करते आणि खाऱ्यात काय करते. शेजारच्या जातीशी तुलना त्यानंतर.

खाऱ्या पाण्यात बी उशिरा का रुजतं, ते बघू. कोरडं बी आधी पाणी ओढून फुगतं. पाण्यात क्षार विरघळलेले असले की ते पाणी बियाला सहजासहजी मिळत नाही, जास्त ओढ लावावी लागते. टोमॅटोच्या बियात आणखी एक अडथळा असतो. कोवळ्या मुळाच्या टोकापुढे पोषक पेशींचं एक टोपण असतं. विकरांनी (एन्झाइम्सनी) ते मऊ केल्याशिवाय मूळ बाहेर पडत नाही. पाणी कमी मिळालं की मुळाचा जोर कमी पडतो आणि टोपण मऊ व्हायलाही वेळ लागतो. म्हणून बेताच्या खारेपणात बहुतेक बी मरत नाही, अडून बसतं. अशा बियाला गोडं पाणी मिळालं की त्यातलं बरंचसं पुढे रुजतं. तुमच्या तिसऱ्या ट्रेमधले ५७ कप्पे अजून रिकामे आहेत. त्यातल्या दोन-चार कप्प्यांतलं कोकोपीट बोटानं हलकेच उकरून बघा. बी टणक आणि फुगलेलं असेल तर त्यात जीव आहे. दाबल्यावर पाणी सुटलं, वास आला, तर ते कुजलंय.

आता करपलेल्या कडा. हा खारेपणाचा दुसरा टप्पा आहे आणि उगवणीशी त्याचा फारसा संबंध नाही. टोमॅटोवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी जाती तपासल्या, तेव्हा त्यांना हेच आढळलं: बी रुजताना खारेपणा सोसणं हा एक गुण आणि रोप वाढताना सोसणं हा दुसरा गुण. एकावरून दुसरा ओळखता येत नाही.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण गॅलापागोस बेटांवरचं आहे. तिथे समुद्राच्या काठाला एक जंगली टोमॅटो वाढतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याची रोपं पोषक द्रव्यं मिसळलेल्या पूर्ण समुद्राच्या पाण्यात तग धरून राहिली. लागवडीचा टोमॅटो समुद्राच्या पाण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर गेल्यावर बहुतेक वेळा टिकला नाही. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या घरात असतो, यावरून ते झाड काय सोसतं याची कल्पना येईल. आणि याच गॅलापागोसच्या टोमॅटोचं बी रुजायला महाकटकटीचं! चार्ल्स रिक या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६१ साली एका सहकाऱ्याबरोबर दाखवून दिलं, की बेटावरच्या महाकाय कासवाच्या पोटातून गेल्यावर ते चांगलं रुजतं. उगवायला इतकं अडून बसणारं बी आणि खारेपणाला इतकं चिवट झाड, दोन्ही एकाच जातीत. पहिल्या आठवड्यावरून निकाल दिला असता तर हा टोमॅटो सगळ्यात आधी बाद झाला असता.

रोपात आत काय होतं ते थोडं सांगते. मुळाभोवती क्षार वाढले की पहिल्या काही तासांतच नव्या पानांची वाढ मंदावते. ते पाण्याच्या ओढाताणीमुळे. पानं लहान राहतात, जरा जाड होतात, रंग निळसर गर्द दिसतो. हे सगळ्याच जातींत कमी-जास्त होतं. दुसरी गोष्ट हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत होते. पाण्याबरोबर वर चढलेलं सोडियम आणि क्लोराइड पानांत साठत जातं. जुन्या पानांतून पाणी जास्त दिवस उडालेलं असतं, म्हणून साठा तिथे जास्त. शेवटी टोक आणि कड करपते. जातीजातींत खरा फरक पडतो तो इथे. काही जाती सोडियम मुळात आणि खोडातच अडवतात, पानापर्यंत फार जाऊ देत नाहीत. काही जाती ते पानात येऊ देतात, पण पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत कोंडून ठेवतात, म्हणजे पेशीच्या कामात ते ढवळाढवळ करत नाही. जंगली टोमॅटोंपैकी अनेकांची रीत ही दुसरी. ज्या जातीला दोन्ही नीट जमत नाही तिच्या पानात सोडियम वाढतं, पोटॅशियम घटतं आणि कड जळते.

तुमच्या पहिल्या जातीचं हेच होत असावं. ती जोरात उगवली, पानं भराभर काढली, भरपूर पाणी ओढलं आणि त्या पाण्याबरोबर मीठही ओढलं. तिसरी जात हळू वाढतेय म्हणून तिच्यात मीठ कमी गेलं असेल, किंवा ती खरोखरच मीठ अडवत असेल. दोन्ही शक्य आहे. म्हणून ‘तिसरीच लावा’ असंही मी आज म्हणणार नाही.

करपण्यामागे आणखी एक कारण असू शकतं, ते आधी बाजूला काढा. पाणी झारीनं वरून घालता का? उन्हात घातलेला थेंब पानाच्या टोकाला लोंबतो, तिथेच सुकतो आणि पांढरट कडं ठेवून जातो. पान ते मीठ सरळ शोषतं. भिंगातून बघा. कडं पानाच्या वरच्या बाजूला, थेंब थांबतो तिथेच असेल, तर दोष पाणी घालण्याच्या पद्धतीचा आहे. ट्रे खालून भिजवा किंवा अगदी पहाटे पाणी घाला आणि निम्मे ट्रे आठवडाभर तसे ठेवून फरक पाहा. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडत असेल तर मात्र तो खारेपणा नव्हे, बुरशीमुळे होणारी मर आहे. तिचे उपाय वेगळे.

आता ट्रेमध्ये मीठ किती जमलंय, त्याचा हिशेब. २.८ ईसीच्या एका लिटर पाण्यात ढोबळमानानं १.८ ग्रॅम क्षार असतात. एका ट्रेला दिवसाला लिटरभर पाणी धरलं, तर बावीस दिवसांत जवळपास ४० ग्रॅम क्षार त्या ट्रेमध्ये गेले. पाणी उडून गेलं, रोपांनी प्यायलं, पण क्षार तळातून वाहून गेले तेवढेच कमी झाले. चाळीस ग्रॅम मीठ तळहातावर घेऊन बघा. ९८ छोट्या कप्प्यांत ते वाटलं गेलंय. शिवाय कोकोपीट नीट धुतलेलं नसेल तर त्याचं स्वतःचं मीठ असतं. नारळाच्या काथ्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड मुळातच असतात, आणि काथ्या खाऱ्या पाण्यात कुजवलेला असेल तर आणखी. त्यात शेणखत किंवा कोंबडीखत मिसळलं असेल तर भर पडते. कोंबडीखत तर रोपवाटिकेत नकोच.

हे मोजता येतं. ट्रेला नेहमीसारखं पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा. मग वरून थोडं गोडं पाणी सावकाश घाला आणि तळातून जे ठिबकेल ते ताटलीत धरून मीटर लावा. तीन-साडेतीनच्या वर आकडा आला तर आजच धुवून काढा. पावसाचं साठवलेलं किंवा दुसरं कुठलंही गोडं पाणी ट्रेवर दोन-तीनदा भरपूर सोडा, तळातून वाहू द्या, पुन्हा मोजा. तिसऱ्या ट्रेमधलं अडलेलं बी जागं करायचा उपायही हाच. मीटरवर २८०० दिसलं तर घाबरू नका. तो मायक्रोसायमनमधला आकडा आहे, म्हणजे आपलाच २.८.

‘सामान्य’ या शेऱ्याबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय, कारण त्यावर विसंबून अनेक जण फसतात. टोमॅटोसाठी २.५ ही मर्यादा सांगतात आणि त्यापुढे ईसी एकानं वाढला की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटतं असं धरतात. ही मर्यादा मातीत मावेल तेवढंच पाणी घालून तिचा संपृक्त चिखल करून त्यातून काढलेल्या पाण्याची आहे. बहुतेक प्रयोगशाळा मात्र एक भाग मातीत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान. तुमचा ०.९ अशा पातळ द्रावणातला असेल, तर संपृक्त चिखलाच्या मोजणीत तो तीन-चारच्या आसपास किंवा वरही जाऊ शकतो. भारी मातीत ही पट कमी, हलक्या मातीत जास्त. परीक्षण करणाऱ्यांना एवढंच विचारा: माती आणि पाण्याचं प्रमाण किती घेतलं होतं? तोवर ०.९ आणि २.५ शेजारी मांडून समाधान मानू नका.

जिप्समबद्दलही असाच गोंधळ असतो. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, म्हणजे जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलंय, सामू (पीएच) ८.५ च्या वर गेलाय, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर माती दगडासारखी होते तिथलं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं, आणि मग तो सोडियम पाण्यानं खाली धुवून न्यावा लागतो. जमीन नुसती क्षारयुक्त असेल, चोपण नसेल, तर तिला हवं असतं गोडं पाणी आणि निचरा. जिप्सम स्वतःही क्षारच आहे. पाण्यात जेवढं विरघळेल तेवढं विरघळलं, की त्या पाण्याचा ईसी २ च्या थोडा वर जातो. म्हणून रोपांच्या ट्रेमध्ये चिमूटभरही टाकू नका. शेतात टाकायचं की नाही, ते सामू आणि विनिमयक्षम सोडियमची, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमची, टक्केवारी हातात आल्यावर ठरवा. ती १५ च्या वर असेल तरच तो विषय काढायचा.

टोमॅटोचा नाद सोडावा का? नाही. सिंचनाच्या पाण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे १९८५ चे आकडे असे आहेत: पाण्याचा ईसी १.७ पर्यंत टोमॅटोचं उत्पादन घटत नाही, २.३ ला सुमारे १० टक्के घटतं, ३.४ ला २५ टक्के. निचरा चांगला आहे आणि थोडं जादा पाणी मुळांखाली उतरतंय, असं यात गृहीत धरलंय. तुमचं २.८ या शेवटच्या दोन्हींच्या मधे बसतं. फटका बसेल, पण पीक जाणार नाही. गोडं पाणी थोडंच असेल तर ते कुठे खर्चायचं, हे मात्र पक्कं ठरवा. ते सगळं बाळपणी द्या: रुजवण, ट्रे आणि लागणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे. एका ट्रेला पंचवीस दिवसांत सुमारे २५ लिटर लागतं. पावसाचं पाणी आणि बोअरचं पाणी निम्मंनिम्मं मिसळलंत तरी ईसी १.४ वर येतो आणि साठा दुप्पट दिवस पुरतो. झाड मोठं झाल्यावर तेच मचूळ पाणी त्याला बरंच सोसतं. फळ थोडं लहान येतं, पण गोडीला वाढतं. खत टाकताना विसरू नका, की विद्राव्य खतही ईसी वाढवतं. खत मिसळल्यावर पुन्हा मीटर लावा. पालाश (पोटॅश) द्यायचा तर क्लोराइडच्या रूपात नको, सल्फेट किंवा नायट्रेटच्या रूपात द्या.

आता जातींची खरी परीक्षा. यात घाई करू नका. प्रत्येक जातीचं बी २५-२५ करून मोजून घ्या आणि तीन झाकणाच्या डब्यांत ओल्या कागदावर पसरा. एका डब्यात पावसाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं, तिसऱ्यात पावसाच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम साधं मीठ. या तिसऱ्याचा ईसी पाचच्या थोडा वर जातो. झाकण घट्ट हवं, नाहीतर पाणी उडून डबा रोज जास्त खारट होत जाईल आणि सगळी मेहनत वाया जाईल. रोज ठरल्या वेळी मोड आलेलं बी मोजा. निम्मं बी कितव्या दिवशी मोडलं आणि शेवटी एकूण किती मोडलं, हे दोन आकडे हवेत. समजा तुमच्या घरच्या जातीचं बी पावसाच्या पाण्यातही निम्मंच मोडलं, तर दोष साठवणीचा आहे, खारेपणाचा नाही. एवढ्या एका आकड्यानं तिच्यावरचा आरोप पुसला जाईल.

दुसरी परीक्षा रोपांची, आणि निर्णय हिच्यावर घ्यायचा. प्रत्येक जातीची वीस रोपं दोन खरी पानं येईपर्यंत गोड्या पाण्यावर वाढवा. मग दहा तशीच ठेवा आणि दहांना बोअरचं पाणी सुरू करा, पहिले दोन दिवस निम्मं मिसळून. एकदम खारं पाणी दिलं की रोपाला धक्का बसतो आणि मग आपण धक्काच मोजतो, सोसण्याची ताकद नाही. तीन आठवड्यांनी रोपं मातीलगत कापून दहाही एकत्र तोला. खाऱ्यावरचं वजन गोड्यावरच्या वजनाच्या किती टक्के भरलं, ते लिहा. शिवाय दर रोपाची किती पानं करपली तेही. इथे एक सांभाळा. टक्केवारी चांगली पण रोप मुळातच मरतुकडं, अशी जात फसवते. खाऱ्या पाण्यावरचं प्रत्यक्ष वजनही बघा. ८० टक्के टिकवणाऱ्या किरकोळ रोपापेक्षा ६५ टक्के टिकवणारं दणकट रोप शेतात पुढे जाऊ शकतं. इजिप्तची एडकावी ही जात खारेपणा सोसण्यासाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे, पण दुसऱ्याच्या जमिनीवरची कीर्ती तुमच्या बोअरवर कितपत लागू पडेल, हे या तराजूवरच कळेल. आणि संकरित जात फळाला चांगली पण मुळाला नाजूक निघाली, तर खारेपणा सोसणाऱ्या खुंटावर तिचं कलम करता येतं. टोमॅटोत ते सर्रास करतात.

या हंगामात लागणीला आलेली रोपं थांबणार नाहीत, म्हणून आज एवढं करा. तिन्ही ट्रे धुवून काढा. तिन्ही जाती लावा, पण वेगवेगळ्या सऱ्यांत, फळीवर नाव लिहून. सरी-वरंब्यावर लावत असाल तर वरंब्याच्या माथ्यावर रोप लावू नका. पाणी दोन्ही बाजूंनी वर चढतं आणि मीठ माथ्यावर आणून सोडतं. रोप उतारावर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर लावा. ठिबक असेल तर नळीजवळच लावा. मीठ ओलाव्याच्या कडेला जमतं. लागणीनंतर पहिला हलका पाऊस आला म्हणून ठिबक बंद करू नका, कारण तो पाऊस कडेचं मीठ परत मुळांत ढकलतो. जोराचा पाऊस पडून माती खोलवर भिजली की मग बंद करा.

आणि त्या ४१ रोपांपैकी जी आज सगळ्यात स्वच्छ आणि ठसठशीत दिसतात, अशा आठ-दहांना रंगीत दोरा बांधून ठेवा. संकरित जातीचं बी धरून उपयोग नसतो, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. तुमची जात मात्र घरची आहे. ही रोपं खाऱ्या पाण्यातच रुजली आणि खाऱ्यातच तीन आठवडे वाढली. पीक संपेपर्यंत ती चांगली राहिली, तर त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं पिकलेलं फळ वेगळं काढा, बी धुवून सावलीत पूर्ण वाळवा आणि बाटलीवर ‘बोअर २.८’ असं लिहा. पुढच्या वेळी डब्यातल्या परीक्षेला ही चौथी जात म्हणून बसवा, आणि आकडे मला नक्की कळवा.